तुम्ही विचारलंत म्हणून: घाटवाटाच का?

राजगड, तोरणा हाताशी असताना कोकणात उतरणाऱ्या अडचणीच्या घाटवाटाच तुम्ही का धरता, असं मला नेहमी विचारतात. बाई म्हटल्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला: भीती नाही वाटत?

किल्ल्यांवर माझंही प्रेम आहे. पण माझी आत्या जन्मभर चढली-उतरली ती घाटवाट. तिचं माहेर वेल्ह्याकडचं केळद, सासर घाटाखाली महाड तालुक्यात. मध्ये मढे घाट. तानाजी मालुसरे १६७० साली सिंहगडावर पडले, त्यांचा देह याच वाटेने त्यांच्या गावी, उमरठला नेला असं इथे सांगतात. पावसाळ्यात लक्ष्मी धबधब्यापाशी गर्दी करणाऱ्यांना तेवढं ऐकून माहीत असतं. पण सुकट, मीठ, आमसुलं डोक्यावर घेऊन हा चढ चढणाऱ्या बायकांबद्दल कुणी विचारत नाही. लेकुरवाळ्या असायच्या, पायात बहुतेक काही नसायचं. वाट मोडली नाही ती त्यांच्या येण्याजाण्यामुळे, असं मला ठामपणे वाटतं.

आत्या यायची ती दोन भावांसाठी. माझे वडील आणि काका बांधावरून भांडले आणि बोलायचे थांबले. बांध केवढा, तर दोन नांगरांच्या तासांएवढा. घराच्या मधोमध भिंत आली, पडवीचे दोन भाग झाले, चुली वेगळ्या झाल्या. भाऊबीजेला आत्या आधी काकांकडे जायची, ते थोरले म्हणून. त्यांना ओवाळून झालं की निरांजन विझू द्यायची नाही. तेच ताम्हण, तीच सुपारी, तीच ज्योत पदराआड धरून अंगणातून आमच्या दारात यायची. वडील पाटावर बसलेले असायचे. ते विचारायचे, "तिकडे बरं आहे ना?" ती म्हणायची, "जाऊन बघ की." कुणी गेलं नाही. तरी तिने एकही दिवाळी चुकवली नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ सारखा येतो. मला त्या ओव्या वाचताना नेहमी वाटतं, भावाचं एवढं गुणगान करावं लागलं, कारण माहेरची वाट उघडी ठेवणं त्याच्या मर्जीवर होतं. आणि भाऊ एकमेकांत भांडले की बहिणीला दोन माहेरं होत नाहीत, उलट एकही धड उरत नाही.

आमच्याकडे दोघा भावांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर. जमिनीची कागदपत्रं करायची वेळ आली तेव्हा दोघे वरंधा घाटाने एकाच एसटीने, वेगवेगळ्या बाकांवर बसून, आत्याकडे गेले. हक्कसोड पत्रावर तिची सही हवी होती. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा मुलाइतकाच हक्क मानला आहे, लग्न झालेल्या लेकीचासुद्धा. हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने सही केली. का केलीस म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "नाही केली असती तर दिवाळीला कुणाच्या दारात गेले असते?"

हे मला आजही सहन होत नाही. जिने दोन घरं जोडून ठेवायला डोंगर चढला, तिला त्या घरात पाय ठेवण्यासाठी जमीन सोडावी लागते, हा उघड अन्याय आहे.

भीतीचं म्हणाल, तर निसरड्या कातळाची वाटते. म्हणून पावसात उतरत नाही, आणि गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय अनोळखी नाळेत, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीत, शिरत नाही. बाकी बाई म्हणून वेगळी भीती बाळगावी असं त्या वाटांवर मला काही दिसलं नाही.

आता माझ्या भावांनीही हक्कसोडीचा कागद तयार करून ठेवला आहे. मी सही करणार नाही, असं त्यांना सांगून टाकलंय. सातबाऱ्यावर माझं नाव राहील, आणि भाऊबीजेला मी दोघांकडेही येणार आहे.