व्हीआर प्रकल्पासाठी सीड फंड मिळवताना: आमचा अनुभव

गेम किंवा व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे हेडसेट घालून अनुभवायचं आभासी जग) बनवणाऱ्या लहान स्टुडिओला सरकारी अनुदान हवं असेल तर स्टार्टअप इंडिया सीड फंड ही योजना नीट वाचावी. आम्ही याच वाटेने गेलो. २०२१ मध्ये ९४५ कोटींच्या तरतुदीने ती सुरू झाली. सरकार स्टार्टअपला थेट पैसे देत नाही, निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थांमार्फत, देतं. प्रूफ ऑफ कॉन्सेप्ट (कल्पना चालते याचा पुरावा), प्रोटोटाइप किंवा प्रॉडक्ट ट्रायल यासाठी जास्तीत जास्त २० लाखांचं अनुदान, तेही हप्त्यांनी. बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंतची आणखी एक सोय आहे, पण ते कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचर (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) असतं. ते फुकटचे पैसे नव्हेत. इथे फक्त अनुदानाबद्दल लिहितो.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे कारखान्यातल्या मेंटेनन्स कामगारांसाठी लॉकआउट-टॅगआउटचं व्हीआर प्रशिक्षण. मशीन दुरुस्तीला घेण्याआधी वीज तोडायची, कुलूप लावायचं, टॅग अडकवायचा, साठलेला दाब सोडायचा आणि मशीन खरोखर बंद आहे का ते स्टार्ट बटण दाबून बघायचं. क्रम चुकला की गुण जातात. आवाज मराठीत आणि हिंदीत.

पात्रतेत सगळ्यात आधी बघायची ती तारीख. अर्ज करताना कंपनी स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता हवी, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी. प्रोप्रायटरशिप चालत नाही. भारतीय प्रवर्तकांचा वाटा किमान ५१ टक्के. केंद्राच्या किंवा राज्याच्या इतर योजनेतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी. स्पर्धेतलं बक्षीस, सवलतीची जागा किंवा लॅबची सोय या १० लाखांत धरत नाहीत. गेम जॅम किंवा हॅकेथॉन (ठरावीक वेळात गेम किंवा सॉफ्टवेअर बनवायच्या स्पर्धा) जिंकलेल्या टीम हे न वाचताच स्वतःला बाद ठरवतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

डीपीआयआयटीच्या अर्जात नावीन्य काय ते थोडक्यात लिहायचं असतं. बहुतेक स्टुडिओंचं पोट आउटसोर्सिंगवर चालतं, आणि लिहिताना तेच पुढे येतं: अमुक क्लायंटसाठी इतकी मॉडेल्स केली, तमुक जाहिरात केली. ते बाजूला ठेवा. स्वतःच्या मालकीचं प्रॉडक्ट, त्यातलं तंत्रज्ञान आणि ते अनेकांना कसं विकता येईल, एवढंच लिहा.

योजनेत प्राधान्याची क्षेत्रं दिली आहेत: शिक्षण, आरोग्य, शेती, ऊर्जा, संरक्षण वगैरे. मनोरंजन त्यात नाही. निखळ करमणुकीचा गेम अपात्र ठरत नाही, पण इन्क्युबेटरच्या निवड समितीला पटवायला जास्त कष्ट पडतात. पण म्हणून गेमला ओढूनताणून शैक्षणिक ठरवू नये. दुसऱ्याच प्रश्नाला पकडले जाल. त्याऐवजी तंत्रज्ञानातला कोणता अवघड भाग तपासायचा आहे तो पुढे करावा. आणि गेमचा अर्ज असेल तर पहिल्याच पानावर लिहा की यात पैसे लावून खेळणं नाही. २०२५ च्या कायद्याने तसले ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले आहेत, आणि समितीतल्या अनेकांना ‘गेमिंग’ म्हटलं की आधी तेच आठवतं.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर भरायचा, फी नाही. पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटर निवडता येतात. भरण्याआधी सध्याची मुदत आणि कोणते इन्क्युबेटर अर्ज घेत आहेत ते पोर्टलवर बघून घ्या. शहर जवळ आहे म्हणून निवडू नका, तिथे जाऊन बसण्याची सक्ती नाही. त्यांनी आधी कोणाला पैसे दिले ते बघा. जिथे सगळं बायोटेक आहे, तिथे तुमचा अर्ज समजणारा माणूस समितीत असेलच असं नाही.

आता खरा मुद्दा, टप्पे. समितीला गेम किती देखणा होणार हे नको असतं. पैसे संपल्यावर कशाचा पुरावा हातात येणार, हे हवं असतं. ‘लेव्हल १ पूर्ण’ हा टप्पा म्हणजे काहीच नाही, कारण पूर्ण झालं की नाही हे बाहेरचा माणूस ठरवू शकत नाही. आम्ही १५ लाख मागितले आणि ५, ६ आणि ४ लाख असे तीन टप्पे पाडले. पहिला: साध्या ठोकळ्यांचा सीन, पण कुलूप लावण्यापासून तपासणीपर्यंतचा पूर्ण क्रम हाताने करता आला पाहिजे. दुसरा: एकच मशीन, पण अंतिम दर्जाचं, क्वेस्ट २ या हेडसेटवर सलग सेकंदाला ७२ फ्रेमने (चित्रांनी) चालणारं. म्हणजे एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद. हा आकडा प्रोफाइलरमध्ये (वेग मोजणाऱ्या साधनात) दिसतो, त्याचा स्क्रीनशॉट अहवालाला जोडता येतो, आणि वाद उरत नाही. तिसरा: कामगारांवर ट्रायल, प्रशिक्षणाआधी आणि नंतर तीच चाचणी, शिवाय चक्कर किंवा मळमळ किती जणांना झाली याची नोंद.

खर्चाचं कोष्टक असं होतं: दोन प्रोग्रॅमर, महिना ४५ हजार, आठ महिने, म्हणजे ७.२ लाख. थ्रीडी मॉडेलिंग ३ लाख. चार हेडसेट १.६ लाख. ट्रायल १.२ लाख. ध्वनी ९० हजार. लायसन्स आणि क्लाउड ६० हजार. सीए आणि नोंदणी ५० हजार. या पैशातून कसलीही सुविधा उभारायला परवानगी नाही, त्यामुळे ऑफिसचं फर्निचर किंवा मोशन कॅप्चरची खोली टाकलीत तर ती ओळ कापलीच जाणार. हेडसेट मात्र ट्रायलची उपकरणं म्हणून दाखवता येतात. कोणता हेडसेट कोणत्या चाचणीला, ते लिहा. क्वेस्ट बराच काळ इथे अधिकृतपणे विकायला नव्हता. आयात करणाऱ्या दुकानदाराकडून घ्यायचा तर कंपनीच्या नावाचं पक्कं जीएसटी बिल आधी कबूल करून घ्या, नाहीतर तो खर्च हिशेबात बसत नाही.

सादरीकरणात हेडसेट सगळ्या समितीच्या डोक्यावर चढवायच्या भानगडीत पडू नका. वेळ त्यातच जातो. आधी रेकॉर्ड केलेला एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवा, मग ज्याला इच्छा आहे अशा एकालाच हेडसेट बसवून द्या. त्या खोलीत आधी जाऊन बाउंड्री, म्हणजे हेडसेट घालून हालचाल करायची हद्द, आखून ठेवा. प्रोजेक्टरसाठी दिवे मालवले की ट्रॅकिंग (हालचाल टिपणं) हरवतं, दृश्यातले हात तरंगत निघून जातात, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रॉडक्टच बिघडलंय. दिवे चालू ठेवायला सांगा. कास्टिंगसाठी, म्हणजे हेडसेटमधलं दृश्य पडद्यावर दाखवायला, स्वतःचा हॉटस्पॉट न्या. संस्थांच्या वायफायवर दोन उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत असं पुष्कळदा होतं. चष्म्याचा स्पेसर (चष्म्यावर हेडसेट बसावा म्हणून लावायचा भाग) आणि पुसायचे वाइप्स बरोबर हवेतच.

नियमाप्रमाणे समितीने ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो आणि पहिला हप्ता अर्जापासून ६० दिवसांत. पुढच्या हप्त्याआधी प्रगती अहवाल आणि खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. अहवाल दिला आणि दुसऱ्या दिवशी पैसे आले असं होत नाही, आणि टीमचे पगार तर थांबत नाहीत. दोन महिन्यांचे पगार बाजूला असतील तरच काम सुरू करा. अनुदानासाठी वेगळं बँक खातं ठेवा. क्लायंटचे पैसे त्यात मिसळले की प्रमाणपत्र देताना सीए आणि तुम्ही दोघेही अडकता. सरकारी अनुदान करासाठी उत्पन्न धरलं जातं, म्हणून ते कोणत्या वर्षात आणि कसं दाखवायचं हे हप्ता येण्याआधीच सीएशी बोलून घ्या.

फ्रीलान्सरांशी करार हा भाग लोक शेवटावर टाकतात, पण मालकी कोणाची हा प्रश्न समिती विचारतेच. ‘काम आमचं’ एवढं ईमेलवर असून भागत नाही. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे मशीनचं मॉडेल करणाऱ्या आर्टिस्टचा करार अर्धवट असेल, तर पाच वर्षांनी त्या मॉडेलचे हक्क त्याच्याकडे परत, आणि परदेशात विकायचा हक्क तुमच्याकडे पहिल्यापासूनच नाही. कराराच्या मसुद्यात ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी’ हे शब्द घाला, किती पैसे दिले ते लिहा, आणि पहिलं बिल चुकतं करण्याआधी सही घ्या.