तांबूची चतकोर भाकरी

१२ जून

तांबूच्या हिरड्यांचा रंग उडाला आहे, हे आज पहाटे त्याला रंकाळ्यावर फिरायला नेले तेव्हा माझ्या लक्षात आले. दोन दिवसांपासून तो जिना चढताना मध्येच बसत होता, आणि उकाड्यामुळे दमत असेल असे मी समजत होते. तलावाच्या काठी त्याने केलेली लघवी गडद तपकिरी दिसली, तेव्हा मात्र फिरणे तिथेच सोडून मी त्याला पशुवैद्यांकडे नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.४ निघाले, निरोगी कुत्र्यात ते साधारण १२ ते १८ असते. डॉक्टरांनी आधी गोचीडतापाची चाचणी करून घेतली. तसे काही नाही हे कळल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "गेल्या आठवड्यात ह्यानं काय काय खाल्लंय?"

उत्तर देताना माझा आवाज बसला. मागच्या आठवड्यात भावाच्या मुलाचे जावळ आमच्याच घरी झाले. कोल्हापुरात जावळ म्हणजे मटणाचे जेवण, आणि जेवण म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा हे ओघानेच आले. तांबडा रस्सा पातेलेभर उरला होता. तो फ्रिजमध्ये ठेवून आम्ही सलग पाच दिवस त्यात भाकरी कुस्करून तांबूला दोन्ही वेळा घातली. तो ताट चाटूनपुसून लख्ख करत होता आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटत होते.

कांद्यात आणि लसणात गंधकाची काही संयुगे असतात. ती कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनवर घाला घालतात आणि त्या पेशी फुटू लागतात. कांदा शिजवला, भाजला किंवा वाळवला म्हणून हा दोष जात नाही. उलट रस्स्यात पडणाऱ्या आमच्या घरच्या कांदा-लसूण चटणीत कांदा वाळवून, भाजून, कुटून घातलेला असतो, म्हणजे चमचाभर चटणीत कितीतरी ओला कांदा सामावलेला असतो. परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कुत्रा आनंदाने उड्या मारतो आणि माणसाला आपण योग्य तेच केले असे वाटते. रक्त चढवण्याची वेळ आली नाही, पुढचे दोन-तीन आठवडे जपायचे आहे, असे डॉक्टर म्हणाले. आता काय घालायचे, हा प्रश्न मी त्यांच्या टेबलाशीच विचारला. त्यांनी तूर्त उकडलेले चिकन आणि भात सांगितला, पण "हे औषधासारखं, थोडे दिवस. कायमचं काय द्यायचं ते नीट बसून ठरवू," असेही सांगितले.

१४ जून

ठरवायचे म्हणजे मुळापासून पाहायला हवे. तांबू रस्सा-भाकरीवर आला कसा? त्याने कोरडे खाद्य सोडले होते म्हणून. (आमच्या गल्लीत कोणत्याही कंपनीचे कोरडे खाद्य असो, त्याला 'पेडिग्री' असेच म्हणतात.) आणि त्याने ते का सोडले, याचा शोध आज घेतला. स्वस्त पडते म्हणून मी मार्चमध्ये मोठे पोते आणले होते आणि त्याचे तोंड दोरीने बांधून ते मागच्या पडवीत ठेवले होते. आज हात घालून वास घेतला तर जुन्या तेलाचा खवट दर्प आला. कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर चव यावी म्हणून वरून चरबीचा थर दिलेला असतो. हवा आणि उष्णता लागली की तो थर खवट होतो. त्यात ओलावा शिरला तर बुरशी धरते, आणि मक्यासारख्या धान्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात, जे कुत्र्याचे यकृत निकामी करू शकते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जिथे मिठाला पाणी सुटते आणि पापड मऊ पडतात, तिथे उघडे पोते तीन महिने टिकेल अशी अपेक्षा मी कशी केली, हे मला आज समजत नाही. तांबूने ते नाकारले त्यात त्याचे नाक खरे होते. दोष खाद्याचा नव्हता, माझ्या साठवणुकीचा होता, आणि पुढचा सगळा प्रकार तिथून सुरू झाला.

१५ जून

आबा दुखावले आहेत. रस्सा-भाकरी बहुतेक वेळा त्यांच्या हातूनच घातली जात होती, आणि आपल्यामुळे तांबू आजारी पडला हे त्यांच्या मनातून जात नाही; पण बोलताना ते रागावल्यासारखे बोलतात. "आमच्या वाघ्यानं जल्मभर भाकरी आणि ताक खाल्लं. त्याला कुठं काय झालं?" असे ते आज दोनदा म्हणाले.

वाघ्या म्हणजे राधानगरीकडच्या आमच्या गावच्या घरचा कुत्रा. मी त्याला लहानपणी पाहिलेला आहे. तो दिवसभर शिवारात असे, उंदीर-घुशी मारून खाई, कुणाची गाय व्याली की तिथे हजर असे, आणि भाकरी ही त्याच्या खाण्याचा फक्त आम्हाला दिसणारा भाग होती. धनगरांचे कुत्रे आणि आपल्या भागातले कारवानी कुत्रे पिढ्यानपिढ्या भाकरी-ताकावर वाढले हे खरेच आहे, आणि त्या अन्नाला मी नावे ठेवणार नाही. मात्र तांबू तिसऱ्या मजल्यावर राहतो, दिवसातून दोनदा साखळीला बांधून फिरतो, आणि ताटात जे पडेल त्याखेरीज त्याला दुसरे काहीही मिळत नाही. जे ताटात नसेल ते त्याच्या शरीरातही नसेल. शिवाय वाघ्या किती वर्षे जगला, हे मी आबांना हळूच विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. सात-आठ वर्षे असावीत, म्हणाले. तांबूला आत्ताच सहा पूर्ण झाली आहेत. पुढे आम्ही दोघेही बोललो नाही.

१७ जून

धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला. तो त्याच्या कुत्रीला दोन वर्षांपासून कच्चे मांस आणि हाडे देतो आणि त्याविषयी अत्यंत कळकळीने बोलतो. कुत्रा हा मुळात लांडगा आहे, कारखान्यात भाजलेले दाणे त्याचे अन्न होऊच शकत नाही, हे त्याचे म्हणणे. कोरडे खाद्य ही अलीकडची गोष्ट आहे इतके मला मान्य आहे. लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट याने १८६०च्या दशकात कुत्र्यांसाठी गहू, भाज्या आणि मांस घालून बिस्किटे विकायला सुरुवात केली, आणि आज आपण पाहतो ते यंत्रातून दाबाखाली फुगवून काढलेले दाणे १९५०च्या दशकातले आहेत.

लांडग्याचा मुद्दा मात्र टिकत नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती आणि कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत प्रती आढळल्या. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहून त्याचे पोटच बदलले. धान्य कुत्र्याला पचत नाही असे म्हणणाऱ्याने निदान वाघ्याची भाकरी आठवावी. इथे आबांचे म्हणणे शास्त्राच्या बाजूचे आहे, आणि मी ते त्यांना आवर्जून सांगितले.

कच्च्या मांसाविषयी माझी भीती वेगळी आहे. त्यात साल्मोनेला, लिस्टेरिया असे जिवाणू असू शकतात आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते मरतीलच असे नाही. कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून, लाळेतून, ताटातून ते घरात येतात. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्ये याच कारणासाठी कच्चे प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली. आपल्याकडे आणखी एक धोका आहे. बकऱ्याच्या फुफ्फुसात किंवा यकृतात पाण्याच्या गाठी असतील आणि ते अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले, तर एकिनोकॉकस नावाचा फीतकृमी त्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. आबा ७८ वर्षांचे आहेत आणि तांबू त्यांचे हात चाटतो. मला याहून दुसरे कारण नको. भावाला मी एवढेच म्हटले, की तुझ्या घरी तू पाहा, पण कुत्रीला जंताचे औषध वेळेवर दे आणि बाळाला तिच्या ताटापासून दूर ठेव. त्याने ते ऐकून घेतले, याचे समाधान वाटले.

शिजवलेले हाड हा तर वादाचा विषयच नाही. शिजल्यावर हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या निघतात, आणि त्या घशात किंवा आतड्यात रुततात. नळी चोखून झाल्यावर ती कुत्र्याला टाकायची आपली सवय आमच्या घरापुरती तरी आता संपली आहे.

२१ जून

तांबू आज पहिल्यांदा आपण होऊन जिना चढला. उकडलेल्या चिकन-भातावर तो इतका खूश आहे की हेच कायम का ठेवू नये, असे माझ्या मनाने घेतले. लक्ष्मीपुरीतून चिकन आणायचे, कांदा-लसूण-मीठ न घालता वेगळ्या पातेल्यात शिजवायचे, लाल भोपळा घालायचा. यात कठीण काय आहे? वही घेऊन बसले आणि दोन तासांत कळले की कठीण काय आहे.

तांबूचे योग्य वजन १८ किलो. विश्रांतीच्या अवस्थेत कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढण्यासाठी वजनाचा ०.७५ घात करून त्याला ७० ने गुणतात. ती सुमारे ६१० किलोकॅलरी आली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला साधारण ९८०. इतके अन्न चिकन-भातातून सहज भरते. पण कॅल्शियम भरत नाही. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी असावे लागते, आणि चिकनमध्ये फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. हे असेच चालू राहिले तर शरीर रक्तातले प्रमाण राखण्यासाठी स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. लहान पिल्लांना निव्वळ मांसावर वाढवले तर त्यांचे पाय वाकतात ते याचमुळे. आबांनी नाचणी सुचवली, आणि सूचना वाईट नव्हती, कारण १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पण नाचणीतील फायटेट त्यातले बरेचसे शरीराला मिळू देत नाही. अंड्याच्या कवचाची पूड हा चांगला उपाय आहे, ग्रॅमभर पुडीत सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्यानंतर जस्त, तांबे, आयोडिन, ड जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व. यकृत घातले तर काही गोष्टी भरून निघतात, जास्त झाले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. माझी वही भरत गेली आणि ताट अपुरेच राहिले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतून आणि इंटरनेटवरून घेतलेल्या घरगुती खाद्याच्या २०० कृती तपासल्या होत्या. त्यांपैकी ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या कृतीही होत्या. घरचे अन्न वाईट असते असा याचा अर्थ मी घेत नाही. घरचे अन्न कायम द्यायचे तर ते त्या विशिष्ट कुत्र्यासाठी पोषणतज्ज्ञ पशुवैद्याने आखून दिलेले हवे, त्यात सांगितलेली खनिजांची पूड रोज पडायला हवी, आणि घरात आज हे नाही म्हणून ते चालेल असे करता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरात रोज हे नेमाने होईल का, असे मी स्वतःला विचारले. परीक्षेच्या दिवसांत, सणावारी, मी गावी गेल्यावर आबा एकटे असताना? होणार नाही.

२३ जून

मुलीने एक महागडी पिशवी दाखवली. 'धान्यविरहित', 'नैसर्गिक', वर जंगलाचे चित्र. 'नैसर्गिक' या शब्दाने पिशवीत काय आहे ते कळत नाही, म्हणून तिला मागची बाजू वाचायला लावली. घटकांचा क्रम वजनानुसार असतो, त्यामुळे 'ताजे चिकन' पहिले असले तरी त्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. धान्याऐवजी त्यात वाटाणा आणि मसूर भरपूर होते. अशा खाद्यांचा हृदयाचे स्नायू सैलावण्याच्या आजाराशी काही संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केला; कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यांनी २०२२ च्या अखेरीस सांगितले. तांबूला धान्याने कधी त्रास झालेला नाही. मग ते टाळून अधिक पैसे का द्यायचे? मी पिशवीवर दुसरेच वाक्य शोधत होते: हे अन्न प्रौढ कुत्र्यासाठी संपूर्ण आणि संतुलित आहे. ते साध्या, निम्म्या किमतीच्या पिशवीवर मिळाले.

२ जुलै

हिमोग्लोबिन ११.८. हिरड्या गुलाबी. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि आजारपणात उतरूनही तो अजून दोन किलो जास्तच आहे, असे सांगितले. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना एकच खाद्य होते, फक्त एका गटाला २५ टक्के कमी. त्या गटातले निम्मे कुत्रे १३ वर्षांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे ११.२ वर्षांपेक्षा जास्त. अभ्यास खाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच होता, तरी कमी खाऊ घाला असे सांगण्यात त्या कंपनीचा फायदा नव्हता, म्हणून मी तो अधिक विश्वासाने वाचते. घरी येऊन काट्यावर मोजले, तर आम्ही ज्या वाटीने देत होतो ती दिवसाला ३८० ग्रॅम भरत होती. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी लिहिले आहे, म्हणजे सगळे मिळून २७२ ग्रॅम पुरते.

शेवटी असे ठरले. रोज २४५ ग्रॅम कोरडे खाद्य, दोन वेळांत, कोमट पाणी शिंपडून. उरलेल्या शंभरेक किलोकॅलरी, म्हणजे दिवसाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या, घरच्या अन्नाच्या; एवढ्याने पोषणाचा तोल ढळत नाही. नवे खाद्य दहा दिवसांत थोडे-थोडे वाढवत न्यायचे. पिशवी ३ किलोचीच आणायची, जी १२ दिवसांत संपते, आणि ती मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची.

घरचा हिस्सा कोणता, हे आबांवर सोपवले. आमच्या एका भाकरीला शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागते, म्हणजे अख्खी भाकरी त्याच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा भाग खाऊन टाकते, हे मी त्यांना वहीत दाखवले. संध्याकाळी त्यांनी भाकरीचे चार भाग केले. एक चतकोर हातावर घेऊन पाहिली, तीत उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे ठेवले, आणि खुर्चीवरून वाकून ती बारीक कुस्करली. तांबू त्यांच्या गुडघ्याला डोके लावून बसला होता. उरलेल्या तीन चतकोर त्यांनी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या आणि मला विचारले, "उद्याची चतकोर ह्यातलीच घालू, का ताजी करशील?" ताजी करीन, असे मी सांगितले.