बोटं बरी करणारा दातांचा डॉक्टर

मालवण बाजारात माझा दातांचा दवाखाना आहे, आणि हल्ली तिथे गुडघेदुखीचे पेशंट येतात. याला कारण बंदरावर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलणारी एक मावशी.

आली होती हलणारी दाढ काढायला. गुळणी करायला सांगितली, तर पेला दोन्ही तळव्यांत दाबून उचलला. बोटं मिटतच नव्हती. "सकाळी सुंगटां सोलूक बसलंय तर बोटां वाकनत नाय. दहा वाजले की मगे सुटतत." दोन्ही मनगटं आणि बोटांच्या मुळाचे सांधे सुजलेले, नखांजवळचे मात्र शाबूत. हे वयाचं दुखणं नव्हे, आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची खूण. युरिक अ‍ॅसिड तपासून झालं होतं, दुखलं की कमरेत इंजेक्शन चालू होतं. हात हातात घेऊन कुणी बघितला नव्हता.

तोंडात मशेरीचा काळा थर. प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, दात आणि हिरडीच्या मध्ये तीन मिलिमीटरपर्यंत जावा. इथे सहा-सात सहज जात होता, आणि टेकवला की रक्त. या खोल खिशांत पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस नावाचा जंतू राहतो. त्याच्याकडचं एक एन्झाइम प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करतं. बदललेलं प्रथिन शरीराला परकं वाटतं, त्याविरुद्ध अँटीबॉडी बनतात, आणि आमवातात सांध्यांवर उलटतात त्या याच जातीच्या. सांधे धरण्याच्या कित्येक वर्षं आधीही त्या रक्तात सापडतात. 2016 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी हिरडीतल्या आणखी एका जंतूवर संशय घेतला. खटला अजून चालू आहे.

मी याच अँटीबॉडींची रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, करायला लावली. भरपूर पॉझिटिव्ह. "दातांचो नि बोटांचो संबंद काय?" असं विचारत मावशी गोव्याला सांधेवाताच्या डॉक्टरांकडे गेली. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू झालं. आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही, हे मी मुलाकडून तीनदा वदवून घेतलं.

इकडे हिरड्या माझ्याकडे. मशीनने वरचं कीटण निघतं, खोल खिशातलं मी क्युरेटने, म्हणजे बारीक पात्याच्या अवजाराने, हाताने काढतो. पातं मुळावरून ओढताना आधी खरखरतं, मग एका ओढीला अडखळत नाही. ते बोटालाच कळतं. 'साफ केल्याने दात ढिले होतात' म्हणणाऱ्यांना ते कीटण एकदा कागदावर काढून दाखवावंसं वाटतं. दात ढिले त्यानेच केलेले असतात, ते निघाल्यावर हललेले समजतात इतकंच. ब्रश मुठीत बसेना म्हणून त्याच्या दांडीला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवून दिली. आमवात झाला की घासणं अवघड आणि हिरड्या आणखी बिघडतात, हीही गाठ आहेच.

काही महिन्यांनी मावशी पेला एका हाताने उचलू लागली. हिरड्यांतून रक्त थांबलं. पण बोटं कशाने सुटली? गोळी आणि क्युरेट एकाच सुमारास सुरू झाले. माझा वाटा किती, हे या एका पेशंटवरून मला कधीच कळणार नाही. हिरड्यांच्या उपचाराने आमवात उतरतो का, यावरचे अभ्यास लहान आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. गोव्याच्या डॉक्टरांचं श्रेय मी मावशीला समजावतो, ती मान डोलावते आणि बंदरावर जाऊन सांगते, "दात घासून बोटां बरी केल्यान."

परवा एक आजोबा आले. गुडघ्याची झीज, आमवाताशी काही संबंध नाही. तसं सांगितलं. तरी तोंड उघडून बसले, आणि कीटण इतकं होतं की मला राहवेना. साफ केलं, फी सांगितली.

"गुडगो बरो झालो की देतंय," म्हणाले.