चार ते बारा, बारा ते आठ आणि एक कादंबरी

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमच्या पाळ्या पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि आठ ते पहाटे चार अशा, आणि दर आठवड्याला बदलणाऱ्या. होतकरू लेखकाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रोज पहाटे पाचला उठायचं आणि दोन तास लिहायचं.' पहाटे पाचला मी एका आठवड्यात मिक्स्ड ज्यूसचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) बघत उभा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात नुकताच घरी येऊन आडवा झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यात जमण्यासारखं असतं, पण अंगाला सवय लागेपर्यंत पाळी बदलते. असल्या तिरपागड्या वेळापत्रकात माझी पहिली कादंबरी लिहून झाली. चांगली झाली की वाईट, ते अजून ठरायचंय. झाली कशी, तेवढं सांगतो.

नोकरी सांभाळून लिहिणारा मी काही जगावेगळा नाही. कादंबरीकार श्री. ना. पेंडसे मुंबईत 'बेस्ट'मध्ये नोकरीला होते, आणि राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठीचा पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो. ही माहिती मी घरात योग्य वेळ बघून सांगितली होती. "बेस्टमध्ये पेन्शन असेल," एवढंच बायको म्हणाली.

कादंबरीचा विषय वजनकाटा. उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी काट्यावर चढते, पावती फाटते आणि त्या पावतीवर एका घराचं वर्ष ठरतं. काट्यावरचा कारकून गणपा हा माझा नायक. पण मी पगार खातो कारखान्याचा, आणि काटामारी, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवणं, हा विषय आमच्या भागात टपरीवर मोठ्यानं नि कारखान्याच्या आवारात दबक्या आवाजात बोलला जातो. म्हणून गोष्ट मागं नेली, इलेक्ट्रॉनिक काटे यायच्या आधीच्या काळात, आणि कारखाना नकाशात नसलेला घेतला. केलं ते नोकरीच्या काळजीनं, पण त्यात माझा फायदाच झाला. आजचं लिहिताना प्रत्येक वाक्यामागं कुणीतरी ओळखीचा येऊन उभा राहायचा, त्यातनं सुटलो.

मागचा काळ आणायचा कुठून? आजोबा सहकारी कारखान्याचे सभासद होते. वार्षिक सर्वसाधारण सभेचे छापील अहवाल त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेले, सवलतीच्या साखरेच्या कार्डासकट. गाळपाचे दिवस किती, ऊस किती टन, उतारा (उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण) किती पडला, उसाच्या पैशांचा पहिला हप्ता किती दिला, सगळं त्यात. लोक असले अहवाल फडताळात अंथरतात. एका वर्षी उतारा घसरला होता आणि अहवालात त्याचं कारण एका ओळीत उरकलं होतं. त्या उरकलेल्या ओळीतून माझी दोन प्रकरणं निघाली.

सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं, की लिहायचं ते ऑफ सीझनला. 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि ऊसच कमी, त्यामुळं बऱ्याच कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. आमचंही गाळप लवकर आटोपलं. जनरल शिफ्ट, उजेड असतानाच घरी, रात्रीची झोप जागेवर. अन् त्या काळात कादंबरी जवळजवळ हललीच नाही. मोकळ्या वेळाला घरात लगेच मालक मिळतात. लग्नं, जत्रा, बांधाची मोजणी, मेहुण्याच्या घराचा स्लॅब. हंगामात निदान "ड्यूटी आहे" म्हणता येतं. "लिहायचंय" म्हणून लग्न चुकवलेला माणूस आमच्या पाहुण्यांत अजून झालेला नाही.

पण वेळ मिळाला तेव्हाही गाडं अडायचं, तेव्हा कळलं की अडचण वेळाची नव्हतीच, परत आत शिरण्याची होती. चार दिवस वही मिटून राहिली की पात्रं अनोळखी होतात. कोण कुणाशी कुठल्या सुरात बोलत होतं ते आठवत नाही. मग मागची पानं वाचायची, वाचता वाचता त्यातच खोडाखोड करत राहायची आणि पुढं एक ओळही न सरकता उठायचं.

उपाय लॅबमध्येच सापडला. पाळी सुटताना आम्ही पुढच्या केमिस्टसाठी लॉगबुकात चार ओळी लिहून ठेवतो. साखर शिजवायच्या कुठल्या पॅनवर कुठला स्ट्राइक (एका वेळची खेप) चालू आहे, फायनल मोलॅसिसची (शेवटच्या मळीची) प्युरिटी चढतेय, लास्ट मिलचा नमुना परत घ्या. येणारा माणूस झोपेतून उठून आलेला असतो, त्याला इतिहास नको असतो. आत्ता काय चालू आहे आणि पुढच्या तासात काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं. मी वहीत तेच सुरू केलं. उठायच्या आधी समासात लिहायचं, 'गणपा काट्याच्या खोलीत. बाहेर गाड्यांची रांग. मुकादम खोटं बोलतोय हे गणपाला कळलंय, पण तो दाखवत नाही. पुढं: मुकादम तंबाखूची पुडी काढतो.' बास. पुढच्या वेळी वही उघडली की तंबाखूपासून सुरुवात. मागचं वाचायचं नाही, हा जोडीचा नियम, आणि तोच पाळायला जास्त जड गेला. निरोपात घडणारी गोष्ट हवी, हेही लक्षात आलं. 'गणपाची घुसमट दाखवावी' असला निरोप वाचून पुढची पाळी काहीच करू शकत नाही.

वेळेचं म्हणाल, तर घड्याळ सोडलं आणि झोपेला धरलं. पाळी कुठलीही असो, झोपून उठलो की चहाच्या आधी वही. अर्धा-पाऊण तास. पान झालं तर झालं. रात्रपाळी करून अकराच्या सुमाराला उठून लिहिलेलं सगळ्यात बरं उतरलं, कारण तेव्हा मुलगी शाळेत, आई शेताकडं, बायको अंगणवाडीत. चार ते बाराच्या आठवड्यात लिहिलेलं मात्र पुढं बहुतेक काढूनच टाकावं लागलं. झोप अर्धवट असली की माझी पात्रं फार बोलतात.

ड्यूटीवर लिहायचं नाही, हे ठरलेलं. रस निवळावा म्हणून त्यात लेड सबअ‍ॅसिटेट घालून गाळायला ठेवलं की पोलारीमीटरवर (साखर मोजायच्या यंत्रावर) बघेपर्यंत थोडी फुरसत असते, मोह होतो. पण तासातासाचे नमुने असतात, एक आकडा चुकला की पुढची सगळी गणितं बोंबलतात. कानावर पडलेलं एखादं वाक्य खिशातल्या चिठ्ठीवर, इतकंच. बीडकडच्या तोडकऱ्यांची बोली, ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून मुकादमाशी चाललेली वादावादी. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसलो असतो तर हे ऐकायला परत कारखान्याच्या गेटावरच येऊन उभं राहावं लागलं असतं.

घरच्यांनी पूर्ण पाठिंबा दिला वगैरे लिहायची पद्धत आहे. आमच्या घरी करार झाला. गिरणीतलं दळण, गॅसचा नंबर, मुलीची गणितं आणि आईच्या बीपीच्या गोळ्या ही कामं माझी, त्यात कुचराई झाली तर वही बंद. बदल्यात त्या पाऊण तासात मला कुणी हाक मारायची नाही. आईला हे बरेच दिवस पटेना. "उटून बसलायस आन् हाक मारू नको म्हंतोस, कसलं रं हे लिवणं?" शेवटी तिला एक प्रकरण वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझा गडी बैलं तशीच उन्हात ठिवून भांडाय गेलाय. आदी जू काढाय नको?" जू काढलं. बैलगाडीची उरलेली सगळी प्रकरणं मग तिच्या कानावर घालूनच पक्की केली.

वह्या भरल्यावर टायपिंग. फोनवर बोलून मजकूर उतरवून बघितला. निवेदन बरं उतरलं, संवाद मात्र नाहीत. 'लिवतोय' म्हटलं की फोन 'लिहितोय' करतो, 'न्हाई'चं 'नाही'. माझे सगळे गाडीवान सदाशिव पेठेत राहायला गेले. मग संवाद बोटांनी टाइप केले. एका प्रकाशकाकडून विचारणा झाली तेव्हा कळलं की त्यांचा डीटीपीवाला श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, काम करतो. युनिकोडमधून फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चे तर हाल विचारू नका. पुस्तक कुणीही काढो, संवादांचं प्रूफ मीच बघणार हे तेव्हाच ठरवलं.

पहिला खर्डा गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना दिला. मोजकं बोलणारा माणूस. "कादंबरी चौथ्या प्रकरणात सुरू होतेय," म्हणाले. आधीच्या तीन प्रकरणांत मी साखर कशी तयार होते ते सगळं समजावून सांगितलं होतं, चुन्याच्या निवळीपासून मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलपर्यंत. केमिस्टला हे काढताना जीव जातो. काढलं. सल्फिटेशन (रसाला गंधकाचा धूर देणं) आता एका वाक्यात उरलंय, तेही वासापुरतं.

सध्या कादंबरी एका प्रकाशनाकडं वाचायला आहे. दुसऱ्या एकांनी छपाईचा निम्मा खर्च उचलाल का विचारलं, त्यांना नको म्हणालो, मुलीचं दहावीचं वर्ष आहे. (पैसे असते तरी नकोच म्हणालो असतो, असं घरी सांगितलंय.) साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात आली की तिथंही पाठवणार. मराठी कादंबरीची आवृत्ती हल्ली 500 प्रतींचीही असते. आमच्याकडं एका पाळीत त्याच्या कितीतरी पट पोती भरतात, हे मित्रांनी सांगून झालंय.

बायकोनं अजून सगळं वाचलेलं नाही. नायकाच्या बायकोचं प्रकरण तेवढं वाचलं.

"ही मी का?"

"छे."

"मग माझी मोरपंखी साडी हिच्याकडं कशी?"

साडीचा रंग बदलायचा की राहू द्यायचा, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.