पुता, मात्सो राव

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहावी, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा कोणती आठवण लिहावी हा प्रश्न मला पडलाच नाही. मी नववीत असताना श्रावणात आपल्या शाळेच्या कौलारू सभागृहात जॅझचा कार्यक्रम झाला होता. गोव्याहून चार वयोवृद्ध वादक आले होते आणि त्यांच्याबरोबर आम्ही संगीताच्या वर्गातले सहा विद्यार्थी वाजवायला बसलो होतो. दशावतार आणि दोन बुवांच्या सामन्यात रंगणाऱ्या डबलबारी भजनांवर वाढलेल्या वेंगुर्ल्यात जॅझ हा शब्दही तेव्हा फारसा कोणी उच्चारत नसे.

ही मंडळी कोणत्या परंपरेतली, हे आमच्या संगीताच्या सरांनी आधीच समजावून सांगितले होते. १९३५ साली अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि अमेरिकेतले हे संगीत मुंबईत रुजू लागले. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते आपलेसे केले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून गाजले आणि पुढे सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी चित्रपटसंगीतातही काम केले. आमच्याकडे आलेले चौघे त्यानंतरच्या पिढीतले होते. दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेल असे आयुष्य मुंबईत काढून ते गावी परतले होते. पावसाळ्यात त्यांना कामे कमी असत, म्हणूनच ते आठ दिवस आमच्यासाठी देऊ शकले.

ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम आणि ताडपत्रीखाली गोधडीत गुंडाळून टेम्पोतून आणलेला डबल बास एवढा सरंजाम आला. पियानो मात्र शाळेत नव्हता आणि नुसत्या हातपेटीवर काम भागणारे नव्हते, कारण एका हाताने भाता मारायचा म्हटले की स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी दाबलेले अनेक स्वर (कॉर्ड), वाजवायला एकच हात उरतो. तेव्हा सरांना दशावतारातली पायपेटी आठवली. पायाने भाता चालत असल्यामुळे तिच्यावर दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पावसाळ्यात जत्रा नसल्याने एका मंडळाची पायपेटी रिकामीच होती. ती आणून सरांनी दहावीतल्या एका मुलीला पियानोच्या जागी बसवले. ट्रम्पेटच्या सोयीसाठी काळी पाच हा षड्ज धरला. त्या पायपेटीवर पहिला स्वरमेळ उमटला तेव्हा ट्रम्पेटवाल्या आजोबांनी वाद्य खाली ठेवून केलेला नमस्कार मला आजही स्पष्ट आठवतो.

माझ्याकडे मृदंग होता आणि माझी अडचण बाराच्या आकड्याने सुरू झाली. जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्ल्यूज या गाण्याचे आवर्तन बारा बारचे असते असे ऐकल्यावर मी चौतालाच्या बारा मात्रा मनात धरल्या आणि पहिल्याच तालमीत सगळ्यांच्या आधी समेवर येऊन थांबलो. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे बारा बारच्या अठ्ठेचाळीस होतात. सरांनी फळ्यावर सोळा-सोळाच्या तीन ओळी आखून त्रितालाची तीन आवर्तने दाखवली: पहिली ओळ षड्जाच्या स्वरमेळावर, दुसरी मध्यमावर जाऊन पुन्हा षड्जावर येणारी आणि तिसरी पंचमावरून मध्यमामार्गे घरी परतणारी. गाणारा पहिली ओळ दोनदा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. हे समजल्यावर आवर्तन अंगात बसले, तरी वजन पहिल्या मात्रेऐवजी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची सवय हाताला लागायला आणखी चार दिवस गेले.

कार्यक्रमात ड्रमवाल्या आजोबांनी आणि मी चार-चार बार आलटून-पालटून वाजवायचे होते. बारा बारचे तीन भाग पडत असल्यामुळे एका आवर्तनाची सुरुवात त्यांच्याकडे, तर पुढच्याची माझ्याकडे येई. मला डबलबारीतली चढाओढ ठाऊक होती. तालमीत ते तारांच्या कुंचल्याने, हिरांच्या केरसुणीने अंगण झाडावे तशी नुसती सरसर करून थांबत आणि मी लगेच तिटकत गदिगन चौपटीत भरून सोळाच्या सोळा मात्रा व्यापून टाकी. माझे वाजवणे संपले की ते झांजेवर एकच हलका आघात करून तिचा नाद विरेपर्यंत स्वस्थ बसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि कोंकणीत म्हणाले, "पुता, मात्सो राव." म्हणजे, बाळा, जरा थांब. थांबायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सर्द हवेने मृदंग उतरला होता. मी गट्टे ठोकून शाईकडची बाजू स्वरात आणली आणि डाव्या तोंडाला ओली कणीक लावली. सभागृह भरले होते, पाऊस नुकताच थांबला होता. माझी पाळी आली तेव्हा मी कणकेच्या बाजूवर एकच मोकळा आघात केला आणि हात उचलला. बाकीची वाद्ये त्या वेळी बंद होती. सवयीने चालत राहिलेल्या पायपेटीच्या भात्याची करकर तेवढी ऐकू येत होती. मी मनात मात्रा मोजत होतो. अकराव्या मात्रेला दुसरा आघात केला, सोळा मोजून झाल्या आणि आजोबांनी माझा तो मोकळा नादच मोठ्या ड्रमवर उचलून त्यांचे चार बार तिथून सुरू केले. ते आपल्याला किती लक्ष देऊन ऐकत होते, हे मला त्या क्षणी कळले. आठही दिवस ते तसेच ऐकत आले होते. मीच वाजवण्यात इतका गुंतलो होतो की ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

गेली अनेक वर्षे मी भजनी मंडळांत मृदंगाची साथ करतो. बुवा आलापीत असताना हात शिवशिवू लागला की ते दोन शब्द आठवतात आणि मी थांबतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक मनापासून विनंती आहे. अमृतमहोत्सवाच्या मुख्य समारंभात माजी विद्यार्थ्यांचा वेगळा आणि मुलांचा वेगळा असे दोन कार्यक्रम ठेवू नयेत. आम्हांला आताच्या मुलांबरोबर एकाच बैठकीत बसवावे आणि आठ दिवस तालमीसाठी द्यावेत. जत्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीची तारीख धरली, तर मंडळाकडून पायपेटी आणण्याचे माझ्याकडे लागले.