डॉयलसाहेबांना कामाला लावताना

मैत्रिणीचा फोन मार्चमध्ये आला. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा हवी होती. मी उत्साहाच्या भरात सांगून बसले, की खराखुरा लेखकच डिटेक्टिव्ह करते. इंग्रजीत हा प्रकार चांगलाच रुळलाय. जेन ऑस्टिन, ऑस्कर वाइल्ड, जोसेफिन टे, सगळ्यांना कुणी ना कुणी प्रेतापाशी नेऊन उभं केलंय. मला वाटलं, नायक आयता, काळ आयता, आपण फक्त खून करायचा.

पहिली पसंती अर्थात अगाथा ख्रिस्ती. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री बाई गाडी घेऊन घरातून निघाल्या. गाडी सरे परगण्यात सापडली आणि बाई १४ तारखेला थेट हॅरोगेटच्या हॉटेलात, नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून राहिलेल्या. मधले दिवस कोरे. या प्रकारात कोरे दिवस म्हणजे सोनं. चरित्रकार हात टेकतो तिथून आपण आत शिरायचं. पण या अकरा दिवसांत इतके जण शिरून गेलेत की पाय ठेवायला जागा नाही. त्या शोधात एक गंमत मात्र हाती लागली. बाई हरवल्या तेव्हा आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यांचा हातमोजा मृतात्म्यांशी संधान असलेल्या एका माध्यमाकडे नेऊन दिला होता! शेरलॉक होम्सचा बाप, आणि तपास असला. मी हसले आणि डॉयलच्या मागे लागले.

तिथे मला मुंबईचे शापूरजी एदलजी भेटले. जन्माने पारशी, पुढे ख्रिस्ती झाले आणि स्टॅफर्डशरमधल्या ग्रेट वर्ली गावाचे पाद्री. बायको इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅममध्ये सॉलिसिटर. रेल्वेच्या प्रवाशांना कायदा समजावा म्हणून पुस्तक लिहिणारा सरळमार्गी प्राणी. १९०३ मध्ये गावात रात्री जनावरांची पोटं फाडली जाऊ लागली, निनावी पत्रं येऊ लागली, आणि पोलिसांनी एका तट्टाच्या प्रकरणात जॉर्जला धरलं. सात वर्षांची शिक्षा. तीन वर्षांनी सोडलं, पण कलंक तसाच.

हे प्रकरण डॉयलनी हाती घेतलं आणि ते जॉर्जला लंडनच्या एका हॉटेलात भेटायला गेले. पोचायला उशीर झाला होता. जॉर्ज पेपर वाचत बसलेला, कागद डोळ्याला जवळजवळ चिकटवून, तोही तिरका. डॉयल मुळात डोळ्यांचे डॉक्टर. ओळख व्हायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं, की हा माणूस अंधारात शेतं तुडवत जाणं शक्य नाही. नंबर उणे आठ, वर दृष्टिवैषम्य.

हे वाचलं आणि मी फूटपट्टी काढली. माझा नंबर साडेसहा. चष्म्याशिवाय पंधरा सेंटीमीटरच्या पलीकडचं अक्षर पुसट. जॉर्जचं गणित साडेबारा सेंटीमीटर येतं, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एका रात्री लाइट गेले तेव्हा चष्मा जिन्यात ठेवला आणि सोसायटीच्या पंपाच्या खोलीकडे निघाले. रोजचा रस्ता. अर्ध्यावर गुडघा खुर्चीला आपटला आणि वॉचमनकाकांनी “कोण आहे रे तिकडे?” म्हणत टॉर्च मारला. जॉर्जने म्हणे पावसाच्या रात्री रूळ आणि कुंपणं ओलांडून तट्टू गाठलं, आणि तसाच परतही आला.

मग खरं काम सुरू झालं. ऑफिसच्या जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जमिनीवर पसरली (कालनिर्णय चालत नाही, मागे पाककृती असतात) आणि डॉयलचा दिनक्रम पेन्सिलीने भरला. जुलै १९०६, पहिल्या पत्नीचं निधन. जानेवारी १९०७, जॉर्जच्या प्रकरणावर डेली टेलिग्राफमधले लेख. मे महिन्यात सरकारचा निर्णय. १८ सप्टेंबरला दुसरं लग्न. एप्रिलमध्ये जरा मोकळी जागा दिसली, तिथे मी एका निवृत्त घोडेडॉक्टरचा खून बसवला. माणूस संपूर्ण काल्पनिक. डॉयलना गावातल्याच एकावर दाट संशय होता, पण तो कधी सिद्ध झाला नाही. त्याला खुनी केलं असतं तर कथा फटक्यात सुटली असती. नाही केलं. पुराव्याशिवाय माणूस अडकवल्याचीच तर ही सगळी हकीकत, आणि त्यात मी आणखी एक अडकवू?

सर्वांत जास्त घाम भाषेने काढला. पहिल्या खर्ड्यात डॉयल आपल्या सेक्रेटरीला, वूडला, “अहो वूड” म्हणत होते आणि दोघं सदाशिव पेठेतून फिरायला निघाल्यासारखे वाटत होते. “अरे वूड” केलं तर तो घरगडी झाला. शेवटी नुसतं “वूड” आणि पुढे “तुम्ही”. शापूरजींच्या तोंडी एक गुजराती वाक्य घातलं होतं, माझं भलतंच लाडकं. चार वेळा वाचल्यावर ते पारशी नाटकातून चुकून आल्यासारखं वाटलं. उडवलं.

शेवट जुळेना. रहस्यकथेत डिटेक्टिव्ह जिंकतो. इथे सरकारने जॉर्जला जनावराच्या गुन्ह्यातून माफी दिली, पण पत्रं त्यानेच लिहिली असं धरून भरपाई एक पैशाची दिली नाही. माझा काल्पनिक खुनी पकडला जायचा आणि खरा अन्याय तसाच उभा. दोन महिने मी तो खुनी वेगवेगळ्या तऱ्हेने पकडून पाहिला. शेवटी अटकेचा प्रसंग मधे ढकलला आणि कथा सप्टेंबरात, डॉयलच्या लग्नाच्या समारंभात नेली. जॉर्ज तिथे पाहुणा होता, ते खरं. मेनूचा कागद डोळ्याला लावून तिरका वाचतो, ते माझं.

कथा पाठवली. आठवड्याने मैत्रिणीचा फोन.

“अगं, छान झालीय. पण पानं जास्त होतायत.”

“काय कापू?”

“रागावू नकोस हं,” ती म्हणाली. “तो घोडेडॉक्टर मेलाच पाहिजे का?”