तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे फोन लागतो का?

व्याख्यान कशावरही असो, शेवटी प्रश्न ठरलेला: समांतर विश्वांशी संपर्क होईल का? मी 'नाही' म्हणते, तुमचे चेहरे पडतात आणि कारण ऐकायला कुणी थांबत नाही.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ साली मांडलेली विश्वं कुठे लांब नसतात. त्या एकाच तरंगफलनाच्या, म्हणजे सगळ्या शक्यता एकत्र मांडणाऱ्या गणिती वर्णनाच्या, शाखा. हे फलन कसं बदलतं ते सांगणारं श्रोडिंजरचं समीकरण रेषीय असल्याने, म्हणजे त्याच्या दोन उत्तरांची बेरीजही उत्तरच असल्याने, शाखांची बेरीज होते, पण एक शाखा दुसरीला ढकलू शकत नाही. बेरजेतून व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून वाढाव्या-विराव्या तसा परिणाम, दिसतं, तेही भोवतालाशी गुंता होईपर्यंतच. १९९९ साली व्हिएन्नात साठ कार्बन अणूंच्या रेणूंनी ते दाखवलं. तुमच्याआमच्या आकाराचं काहीही हवा आणि प्रकाश क्षणात गुंतवून टाकतात.

भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांनी १९८९ साली समीकरणात अरेषीय पद, म्हणजे ही साधी बेरीज मोडणारा भाग, घालून पाहिलं. १९९१ साली भौतिकशास्त्रज्ञ पोल्चिन्स्की यांनी दाखवलं, की असं पद असेल तर एकतर प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जातील, नाहीतर शाखा एकमेकींशी बोलतील. याला ते 'एव्हरेट फोन' म्हणाले. बेरिलियमच्या आयनांवर मोजमापं झाली, पद सापडलं नाही.

हेच मी एका निवड समितीपुढे फळ्यावर मांडत होते. एका ज्येष्ठांनी घड्याळ पाहिलं. "बाई, दुसऱ्या एखाद्या विश्वात तुमची निवड झालीच असेल. समाधान माना." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. पद अर्धवट लिहून झालं होतं, ते कुणी पूर्ण करू दिलं नाही. उत्तर माझ्याकडे होतं: तिकडच्या नोकरीचा पगार इकडे येत नाही, नेमकं हेच तर समीकरण सांगतंय! शिवाय तुमचा निर्णय काही एखाद्या अणूच्या क्षयासारख्या, शाखा फोडणाऱ्या घटनेवर टांगलेला नव्हता. मी आत येण्याआधीच तो झाला होता.

एव्हरेट १९५९ साली कोपनहेगनला क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक असलेल्या बोरना भेटला. बोर त्याच्या कल्पनेला बधले नाहीत. पण तोवर त्याने पेंटॅगॉनचं काम धरलं होतं. माझी तशी सोय नव्हती.

त्या समितीपुढची तेव्हाची मी आजच्या माझ्याशी अजून भांडते: संपर्कच नाही, तर शाखा मानायच्या कशाला? मी म्हणते, समीकरण मधेच कापायचं नसेल तर त्या येतातच. ती म्हणते, हेच समीकरण शेवटचं कशावरून? इथे मी गप्प होते. प्रयोगांनी अरेषीय पदावर फक्त मर्यादा घातली आहे, ते शून्य असल्याचं सिद्ध केलेलं नाही. पण म्हणून लगेच "म्हणजे शक्य आहे!" म्हणू नका. मी तसं म्हटलेलं नाही.